ओक पार्कच्या घरांत एक दिवस

शिकागो शहराच्या पश्चिम हद्दीला लागून असलेल्या ओक पार्क या गावात मे महिन्यातल्या एका शनिवारी काही खासगी घरांचे दरवाजे तिकीट काढून येणाऱ्यांसाठी उघडले जातात. ‘राइट प्लस’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकापासून चालत आलेला असून फ्रँक लॉइड राइट ट्रस्ट ही ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था त्याचे आयोजन करते. फ्रँक लॉइड राइट या वास्तुरचनाकाराने आणि त्याच्या काही समकालीनांनी बांधलेली निवडक घरे, राइटचे स्वतःचे घर व स्टुडिओ आणि युनिटी टेंपल हे प्रार्थनामंदिर अशा साऱ्या वास्तू एका दिवसात पाहता येतात. तिकिटांचे पैसे जुन्या वास्तूंचे जतन आणि ट्रस्टचे शैक्षणिक कार्यक्रम यांच्यासाठी वापरले जातात. आम्ही दोघे मुलीकडे मुक्कामाला असताना तिने आमची तिकिटे परस्पर काढून ठेवली होती. एका तिकिटाची किंमत शंभर डॉलरच्या वर असल्याचे कळल्यावर मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि लोकांची घरे पाहायला एवढे पैसे कशाला, असे विचारलेही. परंतु तिकिटे परत होत नाहीत, हे तिने आधीच ठरवून टाकलेले होते.

मी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता आहे. कोणत्याही इमारतीत शिरलो की माझी नजर भिंतीवरच्या चित्रांकडे न जाता छताच्या कोपऱ्यांकडे जाते. माझ्या सौभाग्यवतीची सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेलेली असल्यामुळे तिला वास्तूच्या सौंदर्यापेक्षा तिच्या हिशोबाची उत्सुकता अधिक असते. “अहो, हे सगळं टिकवायला वर्षाला किती लागत असेल?” हा प्रश्न तिने सकाळी पहिल्या घराच्या फाटकात विचारला, आणि त्या दिवशी आम्ही जे काही पाहिले ते बव्हंशी या प्रश्नाच्याच अनुषंगाने पाहिले.

नावनोंदणी झाल्यावर हातात नकाशा असलेली पुस्तिका पडते आणि नियम सांगितले जातात. घरात फोटो काढायचे नाहीत, उंच टाचांचे जोडे चालणार नाहीत, मोठी पिशवी आत नेता येणार नाही, कशालाही हात लावायचा नाही. प्रत्येक दारात बुटांवर चढवायची पातळ आवरणे मिळतात. दारात पादत्राणे काढून ठेवण्याची आपल्याला सवय असल्यामुळे आम्हाला त्यात वावगे वाटले नाही, पण एका पायावर उभे राहून ते आवरण चढवताना कित्येक धडधाकट माणसांची तारांबळ उडत होती. प्रत्येक घरासमोर रांग असते. जितके लोक मागच्या दाराने बाहेर पडतात तितकेच पुढच्या दाराने आत घेतले जातात. सव्वाशे वर्षांच्या लाकडी तुळयांवर एका वेळी किती माणसे उभी करावीत याला मर्यादा असतेच, त्यामुळे ही शिस्त मला मनापासून पटली. दिवसाचा मोठा भाग रांगेत गेला, हेही सांगितले पाहिजे. अधिक पैसे भरून रांग टाळण्याची सोय आहे, ती घेतलेले लोक आमच्या शेजारून पुढे जात, आणि त्यांच्याकडे पाहून आपल्याकडच्या देवस्थानांतल्या विशेष दर्शनाची आठवण येत होती.

आम्ही सुरुवात राइटच्या स्वतःच्या घरापासून केली. शिकागो अव्हेन्यू आणि फॉरेस्ट अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरचे हे घर त्याने १८८९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लग्न करून संसार मांडताना बांधले. त्यासाठी लागणारे ५,००० डॉलर त्याला त्याचे मालक, शिकागोतले ख्यातनाम वास्तुरचनाकार लुई सलिव्हन यांनी उसने दिले होते आणि त्या बदल्यात पाच वर्षे त्यांच्याकडे नोकरी करण्याचा करार झाला होता. हे ऐकताच सौ. माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हणजे पगारातून कापून घ्यायचं गृहकर्ज!” पुढची हकीकत कर्जविभागात नोकरी केलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल. घरात मुले होत गेली, राहणीमान पगाराच्या पुढे गेले आणि राइटने मालकांच्या नकळत बाहेरची कामे घ्यायला सुरुवात केली. त्या चोरून घेतलेल्या कामांपैकी दोन घरे, १८९२ च्या सुमाराची, त्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर शिकागो अव्हेन्यूवर आजही उभी आहेत. सलिव्हन यांना हे कळले आणि १८९३ मध्ये राइटची नोकरी संपली. ही दोन्ही घरे आम्ही रस्त्यावरूनच पाहिली. उंच टोकदार छपरे आणि बहुकोनी गवाक्षे असलेली ही घरे पाहून पुढच्या राइटची कल्पना येत नाही.

त्याच्या घरातल्या दोन गोष्टींपुढून मात्र मला हलवत नव्हते. वरच्या मजल्यावर १८९५ मध्ये मुलांसाठी खेळण्याची मोठी खोली वाढवलेली आहे. तिचे छत अर्धगोल कमानीचे आहे आणि शेकोटीच्या वर अरबी कथांमधल्या मच्छिमाराचे आणि जिन या राक्षसाचे भित्तिचित्र आहे. या खोलीत पियानो आहे, पण दिसतो तो फक्त त्याचा पट्ट्यांचा भाग. बाकीचे सगळे धूड भिंतीत भोक पाडून पलीकडे सरकवलेले असून ते मागच्या जिन्यावर अधांतरी आहे आणि त्याला लोखंडी पट्टीने वरून टांगून धरलेले आहे. खोलीतली जागा अडू नये म्हणून केलेली ही युक्ती पाहून मला हसू आले. त्या जिन्याने चढताना डोके सांभाळावे लागते, पण याचा विचार करणे ही बहुधा राइटच्या लेखी इतरांची जबाबदारी होती. दुसरी गोष्ट १८९८ मध्ये घराला जोडलेल्या स्टुडिओतली. तिथल्या आरेखन कक्षाचा वरचा भाग अष्टकोनी आहे आणि भोवतीचा सज्जा खालून खांबांवर न पेलता छतापासून साखळ्यांनी ओढून धरलेला आहे. भिंती बाहेरच्या बाजूला फाकू नयेत म्हणून दिलेला ताण आणि सज्जाचे वजन ही दोन्ही कामे त्याच साखळ्यांच्या रचनेतून साधलेली आहेत. एरवी अशी गोष्ट फळ्या ठोकून झाकली जाते, इथे ती मुद्दाम उघडी ठेवली आहे. घर आणि स्टुडिओ जोडणारी बोळकांडी बांधताना वाटेत विलोचे झाड आले, तेव्हा ते न तोडता त्याच्या बुंध्याभोवती छप्पर रचले गेले. छपरातून झाड बाहेर काढायचे म्हणजे तिथून पाणी आत येणारच. पावसाळ्यात तिथे कोण बादली ठेवत असेल, असा प्रश्न मी स्वयंसेविकेला विचारला, तेव्हा ती म्हणाली की राइटच्या इमारतींबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न गळतीचाच असतो.

स्टुडिओत एका वेळी काम करणाऱ्या मंडळींपैकी दोन नावे भारतीय माणसाने लक्षात ठेवावीत अशी आहेत. मॅरियन महोनी ही इलिनॉय राज्यात परवाना मिळवणारी पहिली स्त्री वास्तुरचनाकार. राइटच्या नावावर जगभर गाजलेल्या कित्येक सुंदर आरेखनांमागे तिचा हात होता. वॉल्टर बर्ली ग्रिफिन हा तिचा सहकारी आणि पुढे पती. १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीच्या, म्हणजे कॅनबेराच्या, आराखड्याची स्पर्धा त्यांनी जिंकली. ग्रिफिन १९३५ मध्ये कामानिमित्त लखनौला आला, मॅरियनही मागोमाग आली, आणि १९३७ मध्ये तो लखनौमध्येच वारला. त्याची कबर तिथे आहे. रांगेत आमच्या मागे उभ्या असलेल्या, वास्तुशास्त्र शिकणाऱ्या एका तरुणाला हे ठाऊक नव्हते, आणि शिकागोच्या उपनगरात उभे राहून त्याला लखनौची गोष्ट सांगण्याचा मान मला मिळाला.

राइट १९०९ मध्ये संसार सोडून युरोपला गेल्यावर या घराचे भाग पडले, भाडेकरू आले, भिंती वाढल्या, आणि सत्तरच्या दशकापर्यंत मूळ घर कुठे संपते आणि नंतरची भर कुठे सुरू होते हे ओळखणेही कठीण झाले होते. १९७४ मध्ये गावकऱ्यांच्या पुढाकाराने संस्था स्थापन होऊन घर वाचवण्याचे काम सुरू झाले, आणि १९०९ मध्ये घर जसे होते तसे ते पुन्हा उभे करायला १९८७ साल उजाडले. हे समजल्यावर तिकिटाच्या किमतीबद्दलची माझी कुरकुर बरीच कमी झाली.

यानंतरची घरे खासगी. त्यांत माणसे राहतात, म्हणून त्यांचे पत्ते किंवा मालकांची ओळख इथे देत नाही. पहिलेच घर राइटच्या ‘प्रेअरी’ शैलीतले होते. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या सपाट गवताळ प्रदेशाशी नाते सांगणारी, जमिनीला बिलगून आडवी पसरलेली ही घरे त्याने १९०० नंतरच्या दशकात बांधली. रस्त्यावरून पाहिले तर दार दिसतच नव्हते. बाजूने वळून, भिंतीला लागून गेले, की छज्जाच्या सावलीत ते सापडते. रांग पुढे सरकत नव्हती तेवढ्या वेळात मी भिंतीजवळ जाऊन विटा न्याहाळल्या. नेहमीच्या विटेपेक्षा लांब आणि चपट्या विटा होत्या. त्यांच्या आडव्या दरजा, म्हणजे थरांमधले सांधे, आतपर्यंत खरवडून खोल ठेवलेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक थराखाली सावलीची एक रेघ उमटत होती. उभ्या दरजा मात्र विटेच्याच रंगाचा मसाला भरून विटेच्या तोंडाशी सपाट केलेल्या होत्या, म्हणजे दोन विटांमधला जोड डोळ्यांना जाणवूच नये. भिंत पाहणाऱ्याला फक्त लांबच लांब आडव्या रेघा दिसतात, आणि घर आहे त्यापेक्षा लांब व बुटके वाटते ते त्यामुळे. एका भिंतीत दोन प्रकारे दरजा भरून घ्यायच्या म्हटल्यावर आमच्याकडच्या गवंड्याने पहिल्या दिवशीच थापी खाली ठेवली असती. शंभराहून अधिक हिवाळे काढलेल्या त्या भिंतीत एके ठिकाणी नंतरची दुरुस्ती दिसली. तिथे उभ्या दरजांचा रंग किंचित फिका होता, आणि तेवढ्या हातभर जागेत भिंतीची सगळी जादू उतरली होती.

आत शिरताना छत इतके खाली येते की उंच माणूस हात वर करून त्याला सहज टेकवू शकेल. तिथून एक वळण घेऊन दिवाणखान्यात आले की छत एकदम वर जाते आणि खिडक्यांची सलग पट्टी समोर येते. आधी कोंडायचे आणि मग मोकळे करायचे, ही राइटची नेहमीची रीत. खिडक्यांच्या काचा धातूच्या बारीक पट्ट्यांत बसवलेल्या होत्या. बहुतेक काच साधी, पारदर्शक. फक्त कडेला मधाळ पिवळे आणि हिरवट तुकडे. दिवसा बाहेरच्या माणसाची नजर त्या पट्ट्यांच्या नक्षीवर अडते आणि आतल्या माणसाला मात्र बाग स्पष्ट दिसते, त्यामुळे पडदे लावण्याची गरज राहत नाही. या सर्व गोष्टी तिथल्या स्वयंसेविका मोठ्या आपुलकीने समजावून देत होत्या. प्रत्येक खोलीत एक जण उभी असते आणि आपल्या खोलीपुरते बोलून माणसांना पुढच्या खोलीकडे वळवते. दिवसभर तेच ते सांगूनही त्यांच्या आवाजात कंटाळा नव्हता. जेवणघराच्या कोपऱ्यात मला हवे ते सापडले. छताच्या गिलाव्यावर, नव्या रंगाच्या आडून, हाताच्या पंजाएवढा पिवळसर डाग डोकावत होता. पाण्याचा डाग रंगाने लपत नाही. मी त्याकडे बोट दाखवले, तेव्हा त्या बाईंनी हसून मला मागच्या अंगणात जायला सांगितले, कारण घरमालक तिथे बसलेले होते.

अशा दिवशी मालक मंडळी बहुधा घराबाहेर जातात, पण हे गृहस्थ कुत्र्याला घेऊन झाडाखाली बसले होते आणि आल्यागेल्याशी गप्पा मारत होते. मी अभियंता आहे म्हटल्यावर त्यांनी मला घराच्या कोपऱ्याशी नेले आणि छज्जाची कड दाखवली. आपल्याकडे कौलारू घराला उतार भरपूर दिला आणि पन्हळी साफ ठेवल्या की पावसाचे पाणी निघून जाते. इथल्या छपरांना उतार बेताचा आणि छज्जा तर भिंतीपासून कितीतरी बाहेर आलेला. हिवाळ्यात छपरावर बर्फ साचतो. घराच्या आतल्या उष्णतेने छपराचा मधला भाग गरम होऊन तिथला बर्फ वितळतो, ते पाणी खाली वाहत छज्जाच्या कडेपर्यंत येते, पण छज्जाखाली गरम खोली नसल्यामुळे तिथे ते पुन्हा गोठते. कडेला असा बर्फाचा बांध तयार झाला की मागून येणारे पाणी त्यामागे तुंबते आणि छपराच्या तुकड्यांखालून उलटे वर चढून घरात उतरते. म्हणजे ज्या छज्जामुळे ही शैली जगभर ओळखली जाते, तोच हिवाळ्यात गळतीला वाट करून देतो. त्यांनी कडेने विजेची तापणारी तार बसवली आहे, छपराखाली उष्णतारोधक थर घातला आहे, तरीही एखाद्या वर्षी डाग पडतोच. पावसाळ्यातली गळती शोधण्यात माझी हयात गेली, पण उन्हामुळे नव्हे तर घरातल्या उबेमुळे सुरू होणारी गळती मी प्रथमच पाहत होतो.

सौ.ने तिचा सकाळपासूनचा प्रश्न त्यांना सरळ विचारला. त्यांनी आकडा सांगितला नाही, पण पद्धत सांगितली. एका उन्हाळ्यात छप्पर, दुसऱ्या उन्हाळ्यात खिडक्या, तिसऱ्या उन्हाळ्यात विटांच्या दरजा, आणि हे चक्र पूर्ण होईपर्यंत छप्पर पुन्हा दारात उभे. खिडकीतल्या धातूच्या पट्ट्या वर्षानुवर्षे स्वतःच्या वजनाने वाकतात. ती चौकट उतरवून, कारागिराकडे पाठवून, प्रत्येक काच सुटी करून पुन्हा जोडावी लागते. गावात वारसा जतन समिती आहे आणि बाहेरून दिसणाऱ्या भागाला हात लावायचा तर तिच्यापुढे जावे लागते. मालमत्ता कर जबर आहे. आणि तरीही वर्षातला एक दिवस अनोळखी माणसांना घरात फिरू द्यायचे म्हणजे आधीचे कित्येक दिवस आवरासावर करणे आले. हे सगळे ऐकून सौ. म्हणाली की तिकिटाचे पैसे ट्रस्टला मिळतात, पण खरे दान या माणसाचे आहे. मला तिचे म्हणणे मान्य आहे. आम्ही शंभर-सव्वाशे डॉलर देऊन मोकळे झालो. ही मंडळी छपरापासून जमिनीपर्यंत पदरमोड करून घर सांभाळतात आणि वर ते लोकांना पाहायलाही देतात. श्रीमंतांचा हौसेचा खर्च म्हणून त्याकडे पाहता येईल, आणि ती माणसे श्रीमंत असतात यातही शंका नाही, पण तेवढेच पैसे खर्चून विनागळतीचे नवे घर त्यांना केव्हाही घेता आले असते.

दुपारी सार्वजनिक बागेत बाकावर बसून मुलीने दिलेला डबा खाल्ला आणि मग फॉरेस्ट अव्हेन्यूवर निघालो. या एका रस्त्यावर राइटचा सगळा प्रवास क्रमाने वाचता येतो. नेथन मूर या वकिलासाठी १८९५ मध्ये बांधलेले घर इंग्लंडमधल्या जुन्या ट्यूडर घरांच्या धाटणीचे आहे. राइटने नुकतेच बांधलेले एक वेगळ्या वळणाचे घर पाहून, लोकांनी हसू नये म्हणून आपल्याला सकाळी आडवाटेने स्टेशनवर जावे लागेल असे घर नको, अशी तंबी मूरने दिली होती, ही हकीकत राइटनेच सांगून ठेवलेली आहे. १९२२ मध्ये या घराला आग लागली आणि वरचा भाग जळाला. राइटनेच ते पुन्हा बांधून दिले. त्याच्या समोरच्या बाजूला १९०२ चे आर्थर हर्टली यांचे घर आहे. तिथे विटांचे काही थर मुद्दाम पुढे काढून सगळी भिंत आडव्या पट्ट्यांची केलेली आहे आणि दारावर रुंद, ठेंगणी कमान आहे. मूरच्या घराशेजारचे हिल्स यांचे घर १९७६ मध्ये आगीत सापडले आणि त्यालाही पुन्हा उभे करण्यात आले. लाकडाची घरे, आग आणि पुनर्बांधणी हा क्रम ऐकता ऐकता, आज आपण पाहतो त्यात मूळ काठी किती आणि नंतर घातलेली किती, असा विचार मनात येतोच.

समकालीन वास्तुरचनाकाराच्या एका घरात स्वयंपाकघरावरून रांगेत चांगलाच वाद रंगला. बाहेरच्या खोल्या शंभर वर्षांपूर्वीच्या, ओकच्या लाकडाच्या. आणि स्वयंपाकघर मात्र नुकतेच एका गृहसजावटकाराकडून करून घेतलेले, पांढऱ्या दगडाचा ओटा, पोलादी उपकरणे, भिंतभर कपाटे. काही जणांना तो अपराध वाटला. मला तसे वाटत नाही. ज्या काळी ही घरे बांधली गेली तेव्हा स्वयंपाकघर नोकरांसाठी असे, म्हणून ते मागे, अंधारे आणि अडचणीचे ठेवलेले होते. ते तसेच जतन करावे आणि आजच्या गृहिणीने किंवा गृहस्थाने त्यात रांधावे, ही अपेक्षा फक्त पाहुणाच करू शकतो. घरात माणसे राहायला हवी असतील तर त्यांना चूल आजची लागणार.

दिवसातला सर्वांत मोठा धडा युनिटी टेंपलमध्ये मिळाला. इथल्या युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचे जुने लाकडी चर्च १९०५ मध्ये वीज पडून जळाले, आणि नवे बांधण्यासाठी मंडळींजवळ जेमतेम ४५,००० डॉलर होते. राइटने दगड-विटांऐवजी उघडे काँक्रीट वापरायचे ठरवले. इमारतीच्या चारही बाजू सारख्या ठेवल्या, म्हणजे शटरिंगच्या, काँक्रीट ओतण्याच्या साच्याच्या, त्याच लाकडी फळ्या पुन्हा पुन्हा वापरता याव्यात. खर्च वाचवण्याची ही युक्ती आजही प्रत्येक साइटवर चालते. १९०८ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत जायला समोरून दार नाही. बाजूने आत शिरायचे, ठेंगण्या अंधाऱ्या वाटेने सभागृहाला वळसा घालायचा, आणि मग काही पायऱ्या चढून वर आले की उंचावरच्या खिडक्यांतून आणि छतातल्या पिवळसर काचांतून येणारा उजेड अंगावर पडतो. बाहेरच्या लेक स्ट्रीटवरून मोटारी जात होत्या, पण त्यांचा आवाज आत येत नव्हता. सौ. तिथे बराच वेळ बसून राहिली. हिशोबाचे एक अक्षरही तिने काढले नाही.

मी मात्र छतच पाहत होतो. या इमारतीला एकूण सोळा वेगवेगळ्या पातळ्यांची सपाट छपरे आहेत, आणि त्यांवरचे पाणी खांबांच्या पोटातून खाली नेण्याची व्यवस्था केलेली आहे, म्हणजे बाहेरून एकही नळी दिसू नये. स्थापत्य अभियंत्याच्या अंगावर काटा यावा अशीच ही योजना आहे. सपाट छपरावर पाणी थांबते, आणि खांबातली नळी तुंबली किंवा फुटली तर ती दुरुस्त करायला खांबच फोडावा लागतो. २००८ मध्ये मोठ्या पावसानंतर सभागृहाच्या छताचा एक मोठा तुकडा खाली कोसळला. सुदैवाने तेव्हा खाली कोणी नव्हते. त्यानंतर निधी उभा करायला कित्येक वर्षे गेली आणि २०१५ ते २०१७ या काळात जवळजवळ अडीच कोटी डॉलर खर्चून संपूर्ण इमारतीचे जतनकाम झाले. २०१९ मध्ये राइटच्या इतर सात इमारतींबरोबर तिचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. बांधायला पंचेचाळीस हजारांचा अंदाज आणि टिकवायला अडीच कोटी. बाहेर आल्यावर मी हे आकडे सौ.ला सांगितले, तेव्हा शंभर वर्षांची महागाई धरूनही हे प्रमाण कर्जविभागात कोणी मंजूर केले नसते, असे तिचे मत पडले.

परतीच्या वाटेवर आमचे बोलणे आपोआप पुण्यातल्या वाड्यांकडे वळले. माझे बालपण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेले. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे किती वाडे बसले हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण जे पुरातून वाचले तेही पुढच्या चाळीस वर्षांत एकेक करून गेले. पुराच्या पाण्यापेक्षा त्यांना भाड्याच्या हिशोबाने अधिक पोखरले. मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १९४७ पासून भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरूला निवारा मिळाला, त्याची तेव्हा गरजही होती, पण मालकाला मिळणाऱ्या दहा-वीस रुपयांत एका पावसाळ्याची कौलेही चाळून होत नसत. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू घर सोडीना, आणि मधल्या चौकात पावसाचे पाणी मुरत राहिले. नाना वाडा, विश्रामबाग वाडा यांसारख्या मोठ्या वास्तू सरकारी किंवा महापालिकेच्या ताब्यात असल्यामुळे उभ्या आहेत. साध्या गृहस्थाचा, कोरीव खांबांचा, तीन पिढ्यांचा वाडा राखण्यासाठी मात्र कधी तिकीट काढून रांगेत कोणी उभे राहिले नाही, कारण तशी रांग लावण्याची व्यवस्थाच कोणी केली नाही. वारसा सहली आता होतात आणि तरुण मुले त्यांत हौसेने येतात, ही चांगली गोष्ट आहे. त्या सहलींच्या शुल्कातला काही भाग एखाद्या पडक्या पडवीच्या तुळईसाठी राखून ठेवता आला, तर तेवढ्याने एक तुळई तरी बदलेल.

अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना हा कार्यक्रम पाहायचा असेल त्यांनी हिवाळ्यातच चौकशी करावी, कारण तिकिटे मर्यादित असतात. दिवसभर चालावे आणि उभे राहावे लागते, म्हणून गुडघ्यांचा विचार आधी करावा आणि सपाट तळाचे बूट घालावेत. ज्यांना एवढे तिकीट परवडत नाही किंवा मे महिना साधत नाही, त्यांना राइटचे घर, स्टुडिओ आणि युनिटी टेंपल मार्गदर्शकासह इतर दिवशीही कमी पैशांत पाहता येतात. शिकागोच्या मध्यभागातून हिरव्या मार्गावरची लोकल थेट ओक पार्कला येते. फॉरेस्ट अव्हेन्यूवरून चालायला तर काहीच लागत नाही. फक्त घरांच्या हिरवळीवर पाय ठेवू नये आणि खिडक्यांतून आत डोकावू नये. दिवसा तसेही आतले काही दिसत नाही.